अज्जाला काही कळत नाही

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड आहे, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. निवृत्तीच्या समारंभात एकदा अगदी ओठांवर आली होती. पुढं हार, नारळ, शाल, आणि कौतुकानं बघणारी माणसं. मी घसा खाकरला, पाणी प्यालो, आणि शाळेच्या नव्या इमारतीबद्दल बोललो. टाळ्या पडल्या.

मग आज का सांगतोय? खरं म्हणजे मलाही नीट सांगता येत नाही. तुम्ही मनात म्हणाल, म्हातारा आता मन हलकं करून घेतोय. असेलही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हेतूवर शंका घेतली. आता स्वतःच्या हेतूवर घ्यायची वेळ आली, तर तक्रार कशाला करू?

आधी माझा स्वभाव सांगतो. म्हणजे पुढचं समजेल — समजेल म्हणतोय, माफ कराल असं नाही. मी संशयी माणूस आहे. देवळात गेलो तरी एक डोळा बाहेरच्या चपलांवर. बायको म्हणते, तुमचा नमस्कार देवाला कमी आणि चपलांना जास्त पोचतो. शाळेत कुणी आपणहून चहा आणून दिला, की घोट घ्यायच्या आधी माझ्या मनात यायचं, याला रजा हवी असणार. आणि बहुतेक वेळा हवी असायचीच! त्यामुळं संशयाला खतपाणी मिळत गेलं. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत असलं काही दोष वाटत नाही. डोळ्यांत तेल घालून शाळा चालवतात, असं लोक माझ्याबद्दल म्हणायचे. मला ते आवडायचं.

आमची शाळा कोल्हापूरच्या दक्षिण कडेला, शहर संपून ऊस सुरू होतो तिथं. खाजगी संस्थेची. संस्थेचे सेक्रेटरी आप्पा — गुळाचे व्यापारी. मूळचे सीमेकडचे, घरात कन्नड, बाजारात मराठी. मोठ्या मनाचा माणूस. शाळेसाठी स्वतःची जमीन दिली होती त्यांनी. पण स्वतः चौथीत शाळा सोडलेली. खात्याचं जड भाषेतलं पत्र आलं, की “चष्मा घरात ऱ्हायला बघा” म्हणून ते माझ्याकडं सरकवायचे, आणि चष्म्याची दांडी खिशातून डोकावत असायची. मी कधी दाखवून दिलं नाही. शिकलेल्या माणसांत बसल्यावर आपल्याला काही कळत नाही असं यांना वाटेल, ही भीती त्या माणसाच्या आत किती खोल होती, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे आत्ताच का सांगतोय, ते थोड्या वेळानं कळेल. मी जरा लांबून येतोय, याची मला कल्पना आहे. सरळ यायला अजून धीर होत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. गारगोटीला मुख्याध्यापकांचं निवासी प्रशिक्षण होतं. वर्गातलं अध्यापन कसं सुधारावं, शाळेचं नेतृत्व कसं करावं, असा काहीतरी लांबलचक विषय. शेवटी प्रत्येक शाळेला एक पेटी दिली — त्यात हस्तपुस्तिका, चित्रांची कार्डं, आणि एक छोटा टेपरेकॉर्डर. शिकवायला आलेले गृहस्थ हळू आवाजात बोलणारे होते. ते म्हणाले, प्रत्येक शिक्षकानं आपला एक तास टेप करावा, घरी नेऊन एकट्यानं ऐकावा. आपण किती बोललो, मुलं किती बोलली, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी आपण थांबलो का, हे स्वतःच तपासावं. मग टेप पुसून टाकावा. मुख्याध्यापकानं तो मागायचा नाही, ऐकायचा नाही. उलट सगळ्यांत आधी मुख्याध्यापकानं स्वतःचा तास टेप करावा आणि सगळ्या शिक्षकांपुढं लावावा.

माझ्या शेजारी हुपरीकडचे एक हेडमास्तर बसले होते. ते माझ्या कानात म्हणाले, “ज्याचा त्यानं ऐकायचा, तर मग आपुन कशाला हाय हितं?” मला तो माणूस फार आवडला.

आणि मला शंकाही आली. सरकार आपणहून टेपरेकॉर्डर वाटतं? फुकट? यात कुठंतरी पाणी मुरतंय. उद्या हेच टेप वरून मागवतील आणि कुणाला घरी पाठवायचं ते ठरवतील — परतीच्या गाडीत मी हेच सांगत होतो, आणि सगळे माना डोलवत होते. कुणाला घरी पाठवायला टेपचा उपयोग करणारा माणूस त्याच गाडीत बसला होता, हे त्या वेळी मलाही माहीत नव्हतं.

शाळेत आल्यावर मी शिक्षकांना पेटी दाखवली. ज्याला हवी त्यानं न्यावी, म्हणालो. पहिला टेप माझा असायला हवा होता, हे मात्र सांगितलं नाही. त्या हळू आवाजाच्या गृहस्थांनी तीनतीनदा बजावलेली गोष्ट मी सहज गाळली. माझा तास कसा होतो, हे मला ऐकायचं नव्हतं. आणखी एक कारण होतं. माझा डावा कान मंद झाला होता. मुलं काही बोलली की माझ्या तोंडून “आं?” निघायचं. हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, अशी माझी समजूत होती. टेपवर ते ठळक ऐकू आलं असतं.

शिक्षकांनीही पेटीला हात लावला नाही. कुणाचा घसा बसलेला, कुणाचा अभ्यासक्रम मागं पडलेला. एकट्या मगदूम बाई आल्या आणि म्हणाल्या, “सर, मी नेऊ का?”

मगदूम बाई सगळ्यांत लहान. सीमेपलीकडच्या गावाहून रोज एस.टी.नं यायच्या. प्रोबेशनवर होत्या, ती मुदत त्याच वर्षी संपत होती. तुम्ही मास्तरांच्या घरात वाढला असाल तर तुम्हाला सांगायला नको — आमच्याकडं तरुण शिक्षकाला लोक पगार विचारत नाहीत, तब्येत विचारत नाहीत. एकच विचारतात, कायम झालासा काय? बाईंचं सगळं त्या एका शब्दावर अडलेलं. घरात शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच मुलगी. गावात त्यांचे वडील भेटेल त्याला सांगायचे म्हणे, यंदा आमची पोरगी कायम होणार.

मला त्यांचं शिकवणं बरं वाटायचं. खरं तर जास्तच बरं वाटायचं, आणि तिथंच माझी गडबड सुरू झाली. त्यांच्या वर्गातून सारखा हसण्याचा आवाज यायचा. मी व्हरांड्यात आलो की तो थांबायचा. का थांबावा? मी वर्गासमोरून पुढं गेलो की पुन्हा सुरू. सहावीची पोरं भूगोलाला इतकी कशाला हसतील? भूगोलात हसण्यासारखं आहे काय?

त्यात आप्पा. ते शाळेत आले की बाईंशी व्हरांड्यात उभे राहून कन्नडमधून बोलायचे. आपल्या गावाकडची मुलगी म्हणून त्यांना तिचं कौतुक होतं. मला कन्नडचं अक्षर येत नाही. मी ऑफिसात फाइलमध्ये तोंड घालून बसायचो आणि चांगला कान दाराकडं करायचो. एवढ्या बोलण्यात एकच शब्द कळायचा — हेडसर. कन्नडमध्येही हेडसर हा हेडसरच असतो. मग आप्पांचं हसू. मग बाईंची एक नजर माझ्या दाराकडं. आता सांगा, तुम्ही काय समजला असता? तुम्ही कदाचित काहीच समजला नसता. मी समजलो की ही मुलगी माझ्या चहाड्या सांगते.

एक दिवस शाळा सुटल्यावर बाई टेपरेकॉर्डर परत ठेवून घाईघाईनं गेल्या. त्यांची एस.टी. चुकत होती. मी पेटी कपाटात ठेवायला उचलली, तर कॅसेट आतच. विसरल्या? की मी ऐकावी म्हणून मुद्दाम ठेवली? बघा, इथंसुद्धा मला दुसरी शंका आधी आली. मी दार लोटलं, आवाज बारीक केला, कॅसेट थोडी मागं घेतली आणि लावली.

थोडीच मागं घेतली. सुरुवातीपर्यंत नेली नाही.

आधी बाकांचा खडखडाट. मग एका पोराचा, म्हाताऱ्याचा काढलेला, कापरा आवाज — “आं? काय म्हनलासा? ऐकू येत न्हाय वं!” वर्ग खदखदून हसला. दुसरं पोरगं ओरडून काहीतरी सांगायला लागलं, पृथ्वी, सूर्य, असलं. पुन्हा तो कापरा आवाज — “आं? मला न्हाय बा पटत!” पुन्हा हशा. आणि मग बाईंचा आवाज, त्याही हसत होत्या — “एवढ्यानं अज्जाला काही कळत नाही. पुन्हा सांगा.”

अज्जा. कन्नड येत नसलं तरी या भागात तो शब्द कुणाला कळत नाही? आजोबा. म्हातारा. आणि ते “आं?” — ते तर माझंच होतं.

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला रडू आलं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांनी नाही, बारा वर्षांच्या पोरांनी माझा कान चव्हाट्यावर आणला होता, आणि ज्या बाईचं मी मनातून कौतुक करत होतो तीच ते करवून घेत होती. लाज वाटली आणि त्या लाजेचा राग झाला. कॅसेट काढून मी खणात टाकली, कुलूप लावलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, “सर, माझी कॅसेट राहिली होती का हो आत?” मी म्हणालो, “आत काही नव्हतं.”

इथपर्यंत तुम्ही मला कदाचित समजून घ्याल. एक गैरसमज, एक दुखावलेला म्हातारा. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला इथंच थांबवत आलो. पण गोष्ट इथं थांबत नाही.

आठवडाभरानं आप्पा आले. बाईंना कायम करायचा विषय संस्थेच्या बैठकीत येणार होता, म्हणून माझं मत विचारायला. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, “हेडसर, ही पोरगी ऱ्हायलीच पायजे आपल्याकडं. व्हय का न्हाय?”

माझ्या डोक्यात काय चाललं होतं? मला ठाऊक होतं की “ती माझी नक्कल करवते” असं सांगितलं, तर आप्पा पोट धरून हसतील. माझा कान त्यांच्या लेखी चेष्टेचाच विषय होईल. तिला बोलावून दोन शब्द सुनावतील, आणि कायम करतील. मला तेवढं पुरणार नव्हतं.

म्हणून मी त्यांना सांगितलं की वर्गात तुमची नक्कल चालते.

हे मी शांतपणे सांगितलं. आधी मान खाली घातली, मग नको नको म्हटलं, मग त्यांनी खोदून विचारल्यावर नाइलाज झाल्यासारखं बोललो. म्हणालो, “पोरांकडून तुमची सोंगं करून घेतात, आप्पा. अज्जा म्हणतात तुम्हाला. ‘अज्जाला काही कळत नाही’ असं पोरांना शिकवतात.”

त्या क्षणी माझी खात्री होती की तो अज्जा मी आहे. तरी मी म्हणालो, तो तुम्ही आहात. चुकून नाही. रागाच्या भरात जीभ घसरून नाही. त्यांच्या नातवंडांच्या तोंडी हाच शब्द असतो, आणि “काही कळत नाही” हे त्यांना कुठं लागेल, हे मला माहीत होतं, म्हणून नेमकं तेच.

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. मोठ्या आवाजाचा माणूस, व्हरांड्याच्या टोकाला बोलला तर ऑफिसात ऐकू यावं असा. हातातल्या टोपीची शिवण चाचपत बसले. मग हळूच म्हणाले, “मी तिला माझी नात मानत हुतो.” आणि उठता उठता, “सोडा तिला. खरं कारन सांगू नगासा. माझीच लाज हाय ती.”

ते गेल्यावर मी घंटा वाजवून चहा मागवला. प्यालोही.

आता सगळ्यांत वाईट भाग. वाटलं होतं, वाईट ते सांगून झालं — पण नाही, हे त्याहून वाईट आहे, कारण इथं रागाचीसुद्धा सोबत नव्हती.

बैठक अजून व्हायची होती. त्याआधी एक दिवस एका विद्यार्थ्याची आई ऑफिसात आली. शेतमजुरी करणारी बाई, पदर खोचलेला, हातात कोयता. दारातूनच म्हणाली, “सर, भांडाय आलो न्हाय. पर आमच्या पोराला जरा सांगा की.”

मी विचारलं, काय केलं त्यानं?

“सांजच्याला चुलीम्होरं बसलो की म्हनतंय, आई, तू अज्जा हो. डोस्क्याला टावेल गुंडाळतंय माझ्या. आन् मला शिकिवतंय! वर्गात बाई असंच करत्यात म्हनं. रोज येक पोरगं अज्जा व्हतंय, त्याला काय बी येत न्हाय असं धरायचं, आन् बाकीच्यांनी त्याला समजेस्तोवर सांगायचं. परवा म्हनलं, पृथ्वी फिरतीया. म्या म्हनलं, फिरतीया तर चुलीवरचं दूध कसं सांडंना रं? तर गप झालं बघा. दुसऱ्या दिवशी बाईस्नी इचारून आलं. आता मला झोप यायची येळ झाली तरी सोडत न्हाय.” आणि मग हसली. म्हणाली, “बाईंचा आजा व्हता म्हनं, अडानी. बाई शाळंतनं आल्या की त्यो इचारायचा, आज काय शिकलीस, मला सांग. त्याला कळलं तरच बाईस्नी कळलं, असं व्हतं म्हनं त्यांच्यात.”

ती तक्रार करायला आली नव्हती. तिला कुणाला तरी हे सांगायचं होतं. आपण शिकतोय, हे. मला म्हणाली, “बाईस्नी वरडू नगासा हं. पोराला तेवढं सांगा, लवकर सोड म्हनून.”

ती गेल्यावर मी खण उघडला. कॅसेट सुरुवातीपर्यंत मागं नेली आणि लावली. पहिलं वाक्य बाईंचं — “आज अज्जा व्हायचा नंबर कुणाचा?” आणि साऱ्या वर्गाचा एकच गलका, माझा, माझा, बाई माझा.

मी तो अख्खा तास ऐकला. इतकी वर्षं शिकवलं, इतके तास मागच्या बाकावर बसून तपासले, पण असा तास मी ऐकला नव्हता. बाई फार बोलतच नव्हत्या. पोरंच एकमेकांची वाक्यं दुरुस्त करत होती, अज्जा हटून बसत होता, आणि त्याला पटवायला कुणी चेंडू आणत होतं, कुणी कंदिलाची गोष्ट सांगत होतं. तो अज्जा झालेला पोरगा तर वर्गातला सगळ्यांत बुजरा. त्याचं “आं?” माझं नव्हतं. जगातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचं असतं तसलं होतं. माझा कान त्या तासात कुठंच नव्हता. आप्पा कुठंच नव्हते. गारगोटीला त्या हळू आवाजाच्या गृहस्थांनी जे शिकवायचा प्रयत्न केला, ते सगळं तिथं होतं, आणि बाईंना ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

बैठकीला अजून वेळ होता. आप्पांची पेढी सायकलवरून जाण्यासारखी. काय करायला हवं होतं? जाऊन एवढंच म्हणायचं — आप्पा, मी चुकलो, तो खेळ आहे, तिच्या आजोबांचा. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला हे आधी कुणी सांगितलं होतं? मला म्हणावं लागलं असतं, मी चोरून टेप ऐकला. मग विचारलं असतं, टेपवर माझं नाव होतं? आणि त्याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. नव्हतं ते तोंड.

मी गेलो नाही. मी मशीनवर रेकॉर्डचं बटण दाबून ठेवलं आणि कॅसेट या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी केली. पुसून टाकायचा, असं सांगितलंच होतं ना? त्या प्रशिक्षणातली ती एकच सूचना मी तंतोतंत पाळली.

बैठकीत विषय आला आणि गेला. आप्पा म्हणाले, सध्या नको. कुणीतरी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, संस्थेला योग्य वाटेल ते.

बाईंना मीच सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या. मी बसा म्हणालो तरी बसल्या नाहीत. “सर, माझं काय चुकलं? मला सांगा तरी. मी सुधारीन की.” एवढंच पुन्हा पुन्हा. सुधारीन की. मला त्यांच्याकडं बघवेना म्हणून मी खिडकीतून बघत होतो, आणि बघता बघता म्हणून गेलो — “मी खूप बोलून पाहिलं, बाई. वरून ठरलंय.”

का म्हणालो? त्यांना बरं वाटावं म्हणून? छे. त्यांनी माझ्यावर शंका घेऊ नये म्हणून. मला शंका काय असते ते माहीत होतं ना.

त्या शंका घेणाऱ्यातल्या नव्हत्याच. “तुम्ही बोलला, तेवढं पुष्कळ आहे सर,” म्हणाल्या, आणि वर्गावर गेल्या. उरलेले दिवस त्यांनी एकही तास चुकवला नाही.

पुढच्या वर्षी सहावीला नव्या बाई आल्या. पोरं त्यांना विचारायची, अज्जा कवा करायचं? त्या माझ्याकडं तक्रार घेऊन आल्या, पोरं काहीतरी वात्रटपणा करतात म्हणून. मी म्हणालो, ती सवय मोडा. आणि मोडली.

आप्पांचं शाळेत येणं हळूहळू कमी झालं. आले तरी ऑफिसातच बसायचे, वर्गांकडं फिरकायचे नाहीत. पोरं समोर आली की चटकन चष्मा लावायचे. दोन हजार साल उलटल्यावर ते गेले. त्यांच्या मनात ती मुलगी शेवटपर्यंत तशीच राहिली असणार, जशी मी ती रंगवली होती. शोकसभेत मी बोललो. चांगलं बोललो, असं लोक म्हणाले. पुढं मला इतर मुख्याध्यापकांपुढं नेतृत्वावर बोलायलाही बोलावू लागले. मी सांगायचो, आपल्या शिक्षकांवर विश्वास टाका. हे वाक्य मी कुठंही न अडखळता म्हणू शकायचो.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर, एका सकाळी, कोल्हापूरच्या स्टँडवर गारगोटीच्या गाडीची वाट बघत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, “हेडसर ना?” वळलो. मगदूम बाई. केस पांढरे झालेले, पण आवाज तोच, टेपवरचा. बरोबर एक विशीतली मुलगी.

मी विचारलं, कुठं असता? म्हणाल्या, गावातच, भावाच्या किराणा दुकानात बसते. शाळा? पुष्कळ ठिकाणी अर्ज केले, म्हणाल्या. प्रत्येक ठिकाणी आधीच्या शाळेनं का सोडलं, हे विचारायचे. मला तरी काय माहीत, मी काय सांगणार, म्हणाल्या. मग वय उलटून गेलं. हे त्या कुरकुर न करता सांगत होत्या, पाऊसपाण्याचं सांगावं तसं. माझ्या कानाकडं बघून जरा मोठ्यानं बोलत होत्या. त्यांच्या ते लक्षात होतं. तेव्हाही असणार, आणि तेव्हाही त्या फक्त मोठ्यानं बोलत असणार.

मग त्या मुलीला पुढं ओढून म्हणाल्या, “ही अक्काची मुलगी. डी.एड. झाली. आज पहिलाच इंटरव्ह्यू आहे.” आणि तिला म्हणाल्या, “हे माझे हेडसर. मी सांगते ना तुला नेहमी? सगळी संस्था एकीकडं आणि हे एकटे माझ्यासाठी भांडले. वाक, पाया पड.”

मुलगी वाकली.

मी पाय मागं घेतले नाहीत.

बाई म्हणाल्या, “सर, आशीर्वाद द्या. हिला तुमच्यासारखे हेडसर मिळू देत.”

गाड्यांचा गोंगाट होता. मला ऐकू आलं नाही असं करता आलं असतं, “आं?” म्हणता आलं असतं. पण स्वच्छ ऐकू आलं होतं. मी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “मिळतील.”